डचेसला पुन्हा उठवा

गावच्या हॉलमध्ये त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोपऱ्यात चहाचा बंब खदखदत होता, घडीच्या खुर्च्या संपल्या होत्या, उशिरा आलेले लोक खिडकीच्या कट्ट्यांवर चढून बसले होते आणि प्रत्येकाने आपापला फोन उंच धरला होता. ब्रॉकहोपमध्ये एवढी गर्दी नाताळला चर्चमध्येसुद्धा होत नाही. आमचे पाद्रीबाबा मागच्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा हेवा लांबूनही वाचता येत होता.

व्यासपीठावर ऑब्री लँगफर्ड बसला होता, अनवाणी. बाहेर गवत हिमाने कडक झालेलं आणि हा पठ्ठ्या अनवाणी. अंगात लोकरीचं जाडजूड जाकीट, दाढी नीट विंचरलेली, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला एक काटेरी गोळा. तो गोळा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, ऑल्वेनच्या बागेतली हेजहॉगची मादी. नाव डचेस. तिच्या पाठीवरच्या काट्यांवर निळा फराटा होता, कारण ऑल्वेनने पानगळीत फाटक रंगवलं तेव्हा ही महाराणी रंग वाळायच्या आधीच खालून सरपटत गेली होती.

"मी तिला हाक मारतो आहे," ऑब्री कुजबुजला. कुजबूज माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. "ती फार दूर गेली आहे. उंबरठ्यापलीकडे. पण प्रेमाची ऊब उंबरठा मानत नाही."

माईकमधून मध्येच 'गुळगुळ' असा एक आवाज आला.

"प्राण परत येतोय," माझ्या शेजारी बसलेली डोरीन प्रीस म्हणाली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"पोट गुरगुरत असेल त्याचं," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही ना, चर्चमध्येसुद्धा चुका काढाल."

थोड्या वेळाने गोळा हलला. आधी काटे थरथरले, मग एक ओलं काळं नाक बाहेर आलं, मग एक डोळा. हॉलमध्ये कोणीतरी हुंदका दिला आणि मग रडण्याची साथच आली. पहिल्या रांगेत माझी ऑल्वेन बसली होती. तिचा नवरा एमरिस त्याच वर्षी वसंतात गेला होता. मेलेलं काही परत येताना तिने पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला टाळी वाजवायचा मोह झाला. मी वाजवली नाही.

मी विनिफ्रेड प्रोबर्ट. या गावच्या शाळेत निसर्गविज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना मी फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं, की हेजहॉग हिवाळाभर झोपतो, अंग थंडगार पडतं, श्वास इतका सावकाश चालतो की बघणाऱ्याचा धीर सुटतो, पण तो मेलेला नसतो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

ऑब्री दोन वर्षांपूर्वी चेल्टनमहून आला. आधी तो तिकडे काय करायचा हे विचारलं की तो "शोधत होतो" म्हणायचा. इथे त्याला सापडलं. इंटरनेटवर त्याचं 'ऊबदार हात' नावाचं पान होतं आणि तिथे तो रोज नवं ज्ञान पाजळायचा. हिवाळ्यात निपचित पडलेला हेजहॉग दिसला तर तो थंडीने मेला आहे, ताबडतोब घरात आणा. शेगडीजवळ ठेवा. कोमट दूध-पाव द्या, आपल्या आज्या देत होत्या ना. भर दिवसा उघड्यावर पडलेला दिसला तर मात्र काळजी नको, तो ऊन खातो आहे. म्हणजे ज्याला मदत हवी त्याला सोडा आणि ज्याला झोप हवी त्याला उठवा. इतकं अचूक उलटं सांगायलाही अक्कल लागते.

मी गावाच्या पानावर लिहिलं: "झोपलेल्याला उठवू नका. उठताना त्याच्या अंगातली बरीच चरबी जळते आणि बाहेर खायला किडा नसतो. दूध त्याला पचत नाही, हगवण लागून मरतो." खाली उत्तरं आली. "बाई, तुमचं विज्ञान जुनं झालं." "बाई, प्रेमालाही मोजपट्टी लावणार का?" तिसरीने नुसतं लाल हृदय पाठवलं. मग डोरीनने, ते पान तीच सांभाळायची, मला पानावरूनच काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात भेटली तेव्हा मात्र हवा किती गार आहे यावर माझ्याशी अगत्याने बोलली. आमच्याकडे भांडणं अशीच होतात.

असो. हॉलमधला तो चमत्कार झाल्यावर ऑब्रीने डचेसला ऑल्वेनच्या हाती दिलं. सोबत छापील कार्ड: दोन दिवस शेगडीजवळ, दूध-पाव, मग पुन्हा निसर्गाच्या कुशीत. ऑल्वेनने अक्षर न अक्षर पाळलं. दोन दिवस स्वयंपाकघर घाणीने भरलं, तिसऱ्या दिवशी तिने डचेसला बागेत सोडलं आणि त्यानंतरच्या सकाळी ती निळ्या फाटकाखाली आडवी पडलेली सापडली. यावेळी खरोखरच मेलेली.

हे मला आठवडाभर कळलं नाही. ऑल्वेन फोन उचलेना. शेवटी मीच गेले, तर पडदे ओढलेले, ती एमरिसच्या खुर्चीत, समोर गार झालेला चहा.

"जेवलीस का?"

"भूक नाही."

"डचेस कुठेय?"

तिने मागच्या पडवीकडे बोट दाखवलं; पुरवेना म्हणून तिथेच गारठ्यात फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मग म्हणाली, "विनी, मी ऑब्रीकडे गेले होते. तो म्हणाला, त्याच्या हातून ती पूर्ण बरी होऊन गेली होती. पण माझ्या घरात मृत्यू वस्तीला आहे. जनावराला ते कळतं. माझ्या दुःखाचा गारठा तिला लागला म्हणे."

"आणि हे तू ऐकून घेतलंस?"

"खरंच असेल ते. एमरिसही माझ्याच हातांत गेला."

मी आयुष्यात वर्गात कोणावर हात उचलला नाही. त्या क्षणी ऑब्री समोर असता तर तो नियम मोडला असता. ढोंगी माणूस मला नवा नव्हता. पण एका विधवेच्या छातीवर मेलेलं जनावर ठेवून, वर तिलाच खुनी ठरवणारा हा पहिलाच. मी ठरवलं, याला नुसता खोटा पाडायचा नाही. ज्या लोकांसमोर याने टाळ्या घेतल्या त्याच लोकांसमोर याचं नाक कापायचं. सूड वाईट असतो असं रविवारी चर्चमध्ये सांगतात. मी त्या दिवसापासून रविवारी घरीच बसले.

डचेसला मी शॉर्टब्रेड बिस्किटांच्या डब्यात घातलं आणि माझ्या फ्रीजरमध्ये, गोठवलेल्या मटारांशेजारी ठेवून दिलं.

मग ऑब्रीचे जुने व्हिडिओ पाहायला बसले. चहावर चहा रिचवत सगळे पाहिले आणि हळूहळू पितळ उघडं पडायला लागलं. लोक त्याच्याकडे 'मेलेले' हेजहॉग आणत, पण तो सगळेच उठवत नसे. आधी तो त्या जीवाला 'विचारायचा'. डोळे मिटून काट्यांवरून उलट्या दिशेने तळहात फिरवायचा. कधी म्हणायचा, "याचा आत्मा यायला तयार आहे." कधी मान हलवायचा, "हा पुढे गेला." 'तयार' निघालेल्याला तो आपल्या खोलीत नेऊन दार लावायचा, दुपारभर 'मौनात' बसायचा आणि चहाच्या वेळेला लोकांसमोर आणायचा. तोवर जाग अर्ध्यावर आलेली असायची. आणि जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत कुठे ना कुठे तो आवाज होता. गुळगुळ.

आता एकच कोडं उरलं. त्याने उठवलेले बाकीचे गेले कुठे? मी घरोघरी चहाला गेले.

"डोरीन, तुझा हेजहॉग कसा आहे गं?"

"छान आहे, थँक यू. गेला निसर्गात." हे म्हणताना तिची नजर खिडकीबाहेर रूबार्बच्या वाफ्याकडे गेली. तिथे एक नवी फरशी ठेवलेली होती.

ग्लिन ग्विलियम, सफरचंदाच्या बागेचा मालक आणि माझा जुना विद्यार्थी, म्हणाला, "मजेत असेल बाई." आणि विनाकारण टोपी काढून पुन्हा घातली. सगळीकडे हेच. आमच्या गावात घराला आग लागली तरी माणूस 'ठीक चाललंय' म्हणतो आणि शेजारी 'पाऊस येईल बहुतेक' म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑब्रीचा सगळा धंदा या झाकल्या मुठींवर चालला होता.

जानेवारीत आमच्याकडे वॉसेल असतो. बागेतल्या सर्वांत जुन्या सफरचंदाच्या झाडाभोवती गाव जमतं, मुळांशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओततात, फांद्यांत भाजलेला पाव अडकवतात, आणि भुतं पळावीत म्हणून हवेत बंदुकीचे बार काढतात. ही पण अंधश्रद्धाच की, असं कोणी म्हणेल. असेल. पण त्यातली थोडी सायडर झाडाला मिळते, बरीचशी आम्हाला, आणि कोणी मरत नाही.

त्या वर्षी ऑब्रीने जाहीर केलं की वॉसेलला तो झाडाबरोबर एका जीवालाही जागवणार, आणि ते जगभर थेट दिसणार. ते वाचून मी दुपारी ग्लिनच्या बागेकडे धावले. कुंपणाजवळच्या काटेरी झुडपाखाली एका लहान हेजहॉगचं घरटं आहे हे मला माहीत होतं. पोचले तर पानांचा ढीग उसकटलेला, आत पोकळी, आणि पोकळी रिकामी.

"ग्लिन, कोणाला विचारून दिलंस?"

"बाई, तो म्हणाला मेलाय. मी हात लावून पाहिला. बर्फासारखा होता."

"काटे हलले?"

ग्लिनने मान खाली घातली. "हलले."

"मेलेल्याचे हलतात?"

त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मी घरी गेले आणि फ्रीजरमधून डबा काढला. मग ऑल्वेनकडे जाऊन म्हटलं, "कोट घाल. आज तू माझ्याबरोबर येतेस."

"लोकांत नको गं, विनी."

"लोकांतच. मी तुला आजवर कधी गळ घातली आहे?"

"रोज घालतेस," ती म्हणाली. पण कोट घातला.

दिवस कलायच्या सुमाराला बाग भरली. सायडर गरम होत होती, लवंग-दालचिनीचा वास सुटला होता, ग्लिन आणि त्याचे दोघे भाऊ बंदुका घेऊन तयार होते. झाडाखाली ऑब्री, अनवाणी पायांनी, तेच जाकीट घालून. छातीशी तो लहानगा गोळा. समोर तिवईवर फोन लावलेला.

"मित्रांनो," तो म्हणाला, "झाड झोपलं आहे, आणि हा जीव झोपेच्याही पलीकडे गेला आहे. आज आपण..."

"ऑब्री," मी पुढे होऊन म्हटलं, "आधी हिला."

मी डब्याचं झाकण उघडलं. निळा फराटा कंदिलाच्या उजेडात सगळ्यांना दिसला. हॉलमधला तो व्हिडिओ गावाने इतक्यांदा पाहिला होता की ओळख पटवायची गरजच पडली नाही. पुढे उभे असलेले एक पाऊल मागे सरकले.

"ही डचेस. तुम्ही हिला हॉलमध्ये मेलेल्यातून उठवलंत, आम्ही सगळे साक्षीला होतो. एकदा उठवलंत, पुन्हा उठवा."

सवय वाईट. त्याचा हात आपोआप पुढे आला आणि काट्यांवरून उलटा फिरला. काटे हलले नाहीत.

"हिचा आत्मा पुढे गेला आहे," तो म्हणाला.

"कसं कळलं?"

"मी विचारलं."

"तुम्ही विचारलं नाही, तपासलं. झोपलेल्याच्या काट्यांना हात लागला की ते उभे राहतात, मेलेल्याचे राहत नाहीत. ग्लिन, हे तुला कोणी शिकवलं होतं?"

"तुम्हीच, बाई. सहावीत."

"जिवंत आहे याची आधी खात्री करायची, मेला म्हणून सांगायचं, आणि मग उठवायचं. झोपलेल्याला जागं करणं हा चमत्कार असेल तर माझं गजराचं घड्याळ संत आहे."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. ऑब्रीचा आवाज चढला. "माझ्या हातून ही जिवंत गेली. सगळ्यांनी पाहिलंय. पुढे ती ज्या घरात गेली, त्या घरात काय होतं ते मी चारचौघांत बोलणार नव्हतो. त्या घरात मृत्यू आहे. त्या बाईंच्या दुःखाने हिला मारलं."

सगळ्या माना ऑल्वेनकडे वळल्या. ती कोटाच्या बाह्यांत हात लपवून उभी होती. माझी जीभ शिवशिवत होती. पण मी बोलायच्या आत दुसरंच कोणी बोललं, अगदी हळू.

"आमच्या घरात तर कोणी गेलेलं नाही," डोरीन म्हणाली.

ऑब्री तिच्याकडे वळला.

"माझाही मेला," डोरीन म्हणाली. "तिसऱ्या दिवशी. तुम्ही म्हणालात माझ्या मायक्रोवेव्हच्या लहरी वाईट आहेत, म्हणून मी तो विकून टाकला. रूबार्बखाली पुरलाय मी त्याला. मला वाटलं, माझाच एकटीचा मेला."

"माझा कुत्र्याच्या घरामागे आहे," ग्लिन म्हणाला. "मला म्हणाले, कुत्र्याने मत्सर केला. मी बिचाऱ्या कुत्र्याला महिनाभर ओसरीत झोपवलं."

मग पाद्रीबाबांनी घसा साफ केला आणि चर्चच्या भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांच्यामागून आणखी कोणी, मग आणखी कोणी. गुलाबाखाली, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, जुन्या विहिरीजवळ. सगळे एकमेकांकडे पाहत होते, आपापल्या घरातला चोर शेजाऱ्याच्याही घरी जाऊन आल्याचं आत्ता कळल्यासारखे. प्रत्येकाला त्याने वेगळं कारण दिलं होतं आणि प्रत्येकाने ते पोटात घातलं होतं. ज्यांचा हेजहॉग जिवंत आहे त्यांनी बोलावं, असं मी म्हटलं. वाऱ्याशिवाय कोणी बोललं नाही.

ऑब्री मागे सरकला. आणि सरकताना गुळगुळला.

मी म्हातारी आहे, पण हात अजून चपळ आहेत. त्याच्या जाकिटाचं वरचं बटण मी ओढलं आणि आतून गरम पाण्याची रबरी पिशवी बाहेर आली. विणलेल्या खोळीत, खोळीवर नाताळचं रेनडिअर. मी ती उंच धरली, तिवईवरच्या फोनला नीट दिसेल अशी. तो फोन अजून जगभर दाखवतच होता.

"हे प्रेम," मी म्हटलं. "वाण्याकडे मिळतं."

डोरीनने पिशवीला हात लावून पाहिला आणि मग ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता ती रडायला लागली.

त्या गडबडीत ऑल्वेन पुढे आली. ऑब्रीच्या हातातला लहान गोळा तिने काढून घेतला. तो देऊन मोकळा झाला. "तुमच्या हातांत गेल्यावर हा मेला तर," ती म्हणाली, "ते माझ्या घरामुळे नसेल." एवढंच. गेल्या कित्येक दिवसांत तिने एका दमात उच्चारलेलं ते सर्वांत मोठं वाक्य होतं.

ऑब्री फोन घेऊन निघाला. आधी चालत, मग भरभर, मग पळत. त्याची गाडी फाटकाशी होती आणि गाडीत, हे नंतर सगळ्यांनी मला सांगितलं, अस्तर लावलेले जाड बूट होते. तो फाटकाशी पोचला तेव्हा ग्लिनने आभाळाकडे नळी करून बार काढला. मग त्याच्या भावांनी. आमच्या वॉसेलला शेकडो वर्षं भुतं पळवतात म्हणे. पळणारं भूत गावाने त्या वर्षी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मला दया आली का? नाही. मी सायडरचा दुसरा पेला घेतला.

लहानगा मात्र अर्धवट जागा झाला होता आणि आता त्याला परत झोपवणं आमच्या हातात नव्हतं. प्राण्यांच्या बचाव केंद्राला फोन लावला. तिथली बाई चिडली, मग शांतपणे सगळं सांगत गेली, आणि ऑल्वेनने ते ऐकलं. तिने त्याला बाहेरच्या पडवीत, उंच काठाच्या खोक्यात, भरपूर सुक्या गवतात ठेवलं. दूध नाही. पाणी, आणि मांजराचं मांसाचं खाणं. खाऊन वजन भरल्यावर तो आपण होऊन पुन्हा झोपला. कोणीही त्याच्या छातीवर हात ठेवला नाही आणि कोणीही रडलं नाही.

आता तुम्हाला सरळ सांगते, कारण ऑब्री गेला तरी त्याने लिहिलेलं अजून फिरतंच आहे. हिवाळ्यात पानांच्या घरट्यात गोळा होऊन पडलेला हेजहॉग दिसला तर त्याला झोपू द्या. चुकून ढीग उसकटला असेल तर पानं परत टाका आणि निघा. भर दिवसा उघड्यावर झोकांड्या खाणारा, आडवा पडलेला दिसला तर मात्र तो ऊन खात नसतो, आजारी असतो. त्याला खोक्यात ठेवा, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी द्या आणि लगेच जाणकारांना फोन करा. तीच पिशवी आजाऱ्याला वाचवते आणि झोपलेल्याला मारते. फरक पिशवीत नाही, डोकं वापरण्यात आहे. आणि तुमच्याकडून काही बिघडलं, तर ते पुरू नका. शेजाऱ्याला सांगा. बहुधा त्याच्याही रूबार्बखाली काहीतरी असेल. एकाने जरी आधी तोंड उघडलं असतं तर बाकीचे वाचले असते.

ऑब्री आता समुद्राकाठच्या कुठल्या गावी आहे आणि थकलेल्या भुंग्यांना साखरपाण्याने 'जिवंत' करतो असं ऐकते. तिथल्या शाळेच्या बाईंना मी सविस्तर कळवलं आहे.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी ऑल्वेनकडे गेले. पडदे उघडे होते. ती मागच्या पायरीवर बसली होती, शेजारी बशीत खाणं, आणि निळ्या फाटकाखालून फुसफुस करत तो लहानगा येत होता. आता तो लहान राहिला नव्हता. बशीपाशी येऊन त्याने मचमच सुरू केली, इतक्या जवळ की हात पुढे केला असता तर लागला असता.

ऑल्वेन बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

"विनी," ती म्हणाली, "आत जाऊन चहा टाक ना. मला भूक लागली आहे."